मडगावच्या हॉस्पिसियोचा इतिहास कुठून सुरू करावा?

तुमचे प्रश्न तीन. हॉस्पिसियो हे मडगावचे जुने इस्पितळ मुळात सरकारी की चर्चचे? हिंदू माणसे तिथे उपचाराला कधीपासून जाऊ लागली? आणि लेख लिहायचा तर माहिती कुठे मिळेल? मी इतिहासकार नाही. स्त्रीरोग आणि प्रसूती या विषयाची डॉक्टर. सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, आणि पुढे केपे-काणकोणाच्या बाजूला सरकारी नोकरीत तीसेक वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर जुने कागद वाचण्याचे व्यसन लागले. त्यामुळे उत्तर डॉक्टरच्या नजरेने येईल, ते तसेच घ्या.

पहिल्याचे छोटे उत्तर: सुरुवातीला सरकारी नव्हते, आणि चर्चचे म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. पाद्री आंतोनियो जुआंव द मिरांदा यांनी 1867 साली ते काढले आणि लोकांच्या दानावर चालवले. पूर्ण नाव ‘हॉस्पिसियो दो साग्रादो कोरासांव द मारिया’, म्हणजे मारियेच्या पवित्र हृदयाचे आश्रयस्थान. मडगावात पाद्र मिरांदांच्या नावाचा रस्ता आहे, त्यावरून तुम्ही शंभरदा गेला असाल. सरकार या गोष्टीत फार उशिरा आले.

पण एवढेच लिहून थांबलात तर ती कोनशिला होईल, इतिहास नव्हे.

नावाकडे परत पाहा. त्या काळी गोव्यात ‘होस्पिताल’ हा शब्द रुळलेला होता. त्यावरूनच तर आपण मराठीत इस्पितळ म्हणतो, आणि गोव्यात अजूनही म्हणतो. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ‘रुग्णालय’ म्हणाले की आम्हाला सरकारी पाटी वाचल्यासारखे वाटते. असा शब्द हाताशी असताना मिरांदांच्या संस्थेला नाव मिळाले हॉस्पिसियो. त्याचा मूळ अर्थ उतरायची जागा, आसरा. (ब्राझीलमध्ये याच शब्दाचा अर्थ वेड्यांचे इस्पितळ असा झाला. तिथल्या कोणाला ‘माझा जन्म हॉस्पिसियोत झाला’ असे सांगू नका.) म्हणजे संस्था आजारासाठी काढलेली नव्हती, आसरा नसलेल्या माणसासाठी होती. तो माणूस बहुधा आजारीच असायचा, ही पुढची गोष्ट.

आता 1867 हे साल डॉक्टरच्या नजरेने बघा. त्याच वर्षी तिकडे ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्यावरचे आपले लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापले. ईथर आणि क्लोरोफॉर्म येऊन वीस वर्षे झाली होती, त्यामुळे रुग्णाला न दुखवता कापता येत होते. पण कापल्यानंतर जखम पिकून माणूस दगावायचा. क्ष-किरण 1895 चे. रक्तगट 1901 चे. पेनिसिलिन सर्वसामान्यांपर्यंत पोचायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. मग 1867 मध्ये एखाद्या डॉक्टरने रुग्णाला खाटेवर घेऊन नेमके काय द्यायचे? ताप असेल तर कोयनेल, दुखत असेल तर अफू, पोट साफ करायला काहीतरी, आणि मग स्वच्छ चादर, गरम पेज, रात्री उशाशी कोणीतरी. यातले औषध तेवढे सोडले तर बाकी सगळे डॉक्टरपेक्षा एखादा जीव लावणारा पाद्री जास्त चांगले देऊ शकत होता. म्हणून इस्पितळ पाद्र्याने काढले याचे मला नवल वाटत नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की ज्याला घर होते तो तिथे जात नव्हता. चादर, पेज आणि उशाशी बसणारे माणूस त्याच्या घरी होतेच. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी दोतोर स्वतः यायचा, सोप्यावर त्याला खुर्ची आणि घंगाळात हात धुवायला पाणी मिळायचे. गरिबाच्या घरी वैद्य, गाड्याला (भुताला) नारळ, दृष्ट काढणारी म्हातारी. इस्पितळात जायचा तो परका, वाटसरू, टाकून दिलेला, किंवा ज्याच्या रोगाची घरच्यांनाच भीती वाटते असा. माझी आजी साठच्या दशकातसुद्धा कोणाला इस्पितळात नेले असे ऐकले की विचारायची, ‘कोणी नाही का त्याचे?’

म्हणून माझा सल्ला असा. ‘स्थापना कधी झाली’ या प्रश्नाला एक वाक्य द्या आणि सगळा लेख दुसऱ्या प्रश्नावर उभा करा: घरदार असलेली माणसे तिथे कधीपासून झोपू लागली? ज्या घरांतून दान जात होते त्याच घरांतला माणूस त्याच खाटेवर झोपला, त्या दिवशी ते मडगावचे इस्पितळ झाले. तोवर ते मडगावातले इस्पितळ होते.

थोडे मागे जाऊ, कारण गोव्यात इस्पितळाची परंपरा जुनी आहे असे लोक अभिमानाने सांगतात आणि त्यात अर्धे सत्य आहे. जुन्या गोव्यातले राजेशाही इस्पितळ आफोन्सो द आल्बुकर्कच्या काळातले. 1591 पासून त्याचा कारभार जेझुइटांकडे होता. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल 1608 मध्ये तिथे रुग्ण म्हणून राहिला आणि गाद्या, चादरी, चांदीची ताटे-वाट्या यांची इतकी स्तुती करून गेला की ती आजही उद्धृत होते. पण ते पोर्तुगीजांचे, त्यातही मुख्यतः जहाजातून अर्धमेले उतरणाऱ्या शिपायांचे. इथल्या माणसाला तिथे खाट नव्हती. गरिबांसाठी मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेचे वेगळे इस्पितळ होते. त्याची पुढची वास्तू रायबंदरला, जिथे नंतर काही वर्षे व्यवस्थापनशास्त्राची संस्था भरायची. 1759 मध्ये जेझुइटांना हाकलले, राजेशाही इस्पितळ पणेलीला हलले, आणि 1842 मध्ये पणजीला आले. हे सगळे तिसवाडीत, म्हणजे पणजीच्या तालुक्यात. सासष्टीच्या माणसाला जुवारी नदी ओलांडून जायचे तर होडी, आणि आजारी माणसाला होडीत घालायचे म्हणजे काय ते ज्याने पावसात जुवारी बघितली आहे त्याला सांगायला नको.

आणखी एक धागा बहुतेक जण विसरतात. 1834 मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले आणि पाठोपाठ गोव्यातले मठही ओस पडले. मठ म्हटला की दाराशी भिक्षा आणि आत आजाऱ्यांची खोली, असा शिरस्ता होता. तो एका फटक्यात गेला. मागे राहिले ते गावोगावचे धर्मप्रांतीय पाद्री, म्हणजे इथल्याच घरांतली मुले. मिरांदांचे काम या पोकळीत बसवून पाहिले तर समजते. वरून आदेश नाही, संघाची तिजोरी नाही. गावातल्या पाद्र्याने गावाकडे हात पसरला.

डॉक्टर कुठून आले? पणजीच्या वैद्यकीय शाळेतून. ‘एश्कोला मेदिकु-सिरुर्जिका’ 5 नोव्हेंबर 1842 रोजी सुरू झाली, तीच पुढे 1963 मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झाली, आपली गोमेकॉ. आज आपण ‘आशियातले जुने वैद्यकीय महाविद्यालय’ म्हणून मिरवतो. पण त्या काळी या शाळेची पदवी लिस्बनच्या बरोबरीची धरत नसत. पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर तिथे जाऊन पुन्हा शिकावे लागे. इथले कितीतरी डॉक्टर मोझांबिक, अंगोला, तिमोरला दुय्यम दर्जाच्या नोकरीवर गेले. जे मागे राहिले त्यांनी गोव्यातली इस्पितळे चालवली. त्यांच्यात एखादा फ्रुयलानु द मेलु निघाला: बाणावलीचा, 1887 चा जन्म, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. माकाझानला कुष्ठरोग्यांसाठीचे केंद्र 1934 मध्ये त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. सासष्टीच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना माकाझान वगळू नका, कारण ज्यांना आसऱ्याच्या जागेतही आसरा नव्हता ते तिथे गेले.

आता दुसरा प्रश्न, हिंदूंचा. लोक तो ‘घेत होते का, नव्हते का’ असा विचारतात. मी तो तसा विचारणार नाही. जरा गंमत बघा. सोळाव्या शतकात गार्सिया द ऑर्ता गोव्यात राहून औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहितो, तो 1563 मध्ये गोव्यातच छापला जातो, आणि त्यात मालुपा नावाचा हिंदू वैद्य सन्मानाने भेटतो. 1618 मध्ये गोव्याच्या नगरसभेला ठराव करावा लागतो की परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करायची नाही आणि हिंदू वैद्य तिसापेक्षा जास्त नकोत. मर्यादा घालावी लागते याचा अर्थ मागणी होती! ख्रिश्चन घरांत हिंदू वैद्य चालत होता. मोठमोठ्यांच्या घरी चालत होता. नाडी दाखवण्यात धर्म आड येत नव्हता.

आड येत होते ते पाणी.

इस्पितळात राहायचे म्हणजे तिथली पेज प्यायची, तिथले पाणी, भिंतीवर सायबिणीची (मारियेची) तसबीर, देखभालीला मादर (ख्रिश्चन जोगीण). मडगाव हे मठग्राम. इथला देव दामोदर सोळाव्या शतकात, पोर्तुगीज देवळे पाडत होते तेव्हा, जांबावलीला गेला, ही आठवण घराघरांत कालपरवासारखी सांगितली जाते. अशा घरातली म्हातारी ‘तिथले पाणी पिऊन बरे होण्यापेक्षा घरी मेलेले बरे’ म्हणायची, यात नवल नव्हते आणि त्यात फक्त धर्मही नव्हता, जात होती. ख्रिश्चनांतही बामण, चाड्डे आणि शूद्र एकमेकांशेजारच्या खाटेवर आनंदाने झोपत असतील अशा भ्रमात राहू नका. कायद्याच्या बाजूने पोर्तुगालमधल्या 1910 च्या प्रजासत्ताकाने हिंदूंना समान नागरिक केले, लिसेंव (सरकारी माध्यमिक शाळा) आणि वैद्यकीय शाळेत हिंदू मुले वाढली, आणि हिंदू डॉक्टर दिसू लागले. स्वतःचा माणूस डॉक्टर झाला की म्हातारीचा अर्धा विरोध मावळतो. उरलेला अर्धा अडलेल्या बाळंतिणीने मोडला असे माझे मत आहे, आणि हे मत मी माझ्या विषयाच्या प्रेमातून मांडते आहे हेही कबूल करते.

बाळंतपण घरात व्हायचे, वैजिणीच्या, म्हणजे सुइणीच्या, हातून. वैजिणींना आम्ही डॉक्टरांनी उगाच बदनाम केले. दहातली नऊ बाळंतपणे निसर्गच करतो आणि तिथे हुशार वैजीण धीर देते, शेकते, वाट बघते. घाई न करणे हे निम्मे प्रसूतिशास्त्र आहे. प्रश्न दहाव्या बाईचा. मूल आडवे आले, वार अडकली, झटके आले, तर वैजिणीच्या हातात काही नसते. आणि ही बाई कोण असेल हे आधी सांगता येत नाही. ती भाटकाराची सून असू शकते. हर्निया, मोतीबिंदू, गळू यांना थांबता येते, टाळता येते; आडव्या आलेल्या मुलाला थांबता येत नाही. घरच्या माणसाला शुद्ध-अशुद्ध आणि सून यांत एका रात्रीत निवड करावी लागते.

आमच्या घरात ही रात्र 1950 च्या दशकात आली. माझी आत्या, पहिलटकरीण, दोन दिवस वेणा देत होती. वैजीण प्रामाणिक होती, तिनेच हात टेकले आणि ‘आता मडगावाक व्हरात’ म्हणाली. खाटेच्या दोन्ही बाजूंना वासे बांधून माणसांनी तिला हमरस्त्यापर्यंत आणले आणि कोणाची तरी गाडी मागून शहरात नेले. आई आणि मूल दोघेही वाचले. पण घरात पुढची कित्येक वर्षे जी गोष्ट सांगितली जायची ती शस्त्रक्रियेची नव्हे. ती होती आजोबांच्या कळशीची. आठ दिवस रोज सकाळी आजोबा घरच्या विहिरीचे पाणी तांब्याच्या कळशीत भरून, तोंडाला फडके बांधून, बसने मडगावला न्यायचे. नवव्या दिवशी बस चुकली. आत्या तहानेली होती, मादरने पेला पुढे केला आणि ती प्यायली. घरी आल्यावर कोणी काही विचारले नाही. आजीने दुसऱ्या खेपेला आपणहून सांगितले, ‘कळशी नको, उगाच हेलपाटा.’

तुमच्या लेखाला कागदोपत्री पुरावा लागेल, तो या कळशीचा मिळणार नाही. पण कुठल्याही जुन्या घरात विचारा, अशी कळशी निघेल.

गोवा मुक्तीनंतरचे थोडक्यात सांगते, कारण ते कागद सहज मिळतात. डिसेंबर 1961 नंतर आरोग्याचा कारभार भारतीय पद्धतीवर आला, तालुक्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, आणि हॉस्पिसियो सरकारी इस्पितळ झाले. 30 मे 1987 ला गोवा राज्य झाले, दोन जिल्हे झाले, तेव्हा म्हापशाचे आझिलो उत्तरेचे आणि मडगावचे हॉस्पिसियो दक्षिणेचे इस्पितळ म्हणून धरले जाऊ लागले. (आझिलो म्हणजेही आसराच. दोन्ही शहरांची इस्पितळे निराधारांच्या घरातून निघाली, हा योगायोग नाही.) गोमेकॉ पणजीच्या कांपालहून बांबोळीच्या पठारावर गेले, जुन्या इमारतीत 2004 पासून चित्रपट महोत्सवाची लगबग असते. कांपालच्या त्या लांब व्हरांड्यांतून मी विद्यार्थिनी म्हणून धावले आहे, तिथे आता लाल गालिचा पाहिला की हसू येते. मडगावात 2020 मध्ये कोविडच्या दिवसांत दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळाची नवी इमारत वापरात आली. पाटीवर जिल्हा इस्पितळ लिहिले आहे. रिक्षावाल्याला मात्र ‘हॉस्पिसियो’ म्हणावे लागते.

एक निरीक्षण जरूर घ्या. पोर्तुगीज काळात धर्मादाय खाटेवर जायचे तर ‘तू गरीब आहेस का?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे, आणि गरिबीचा दाखला ही त्या व्यवस्थेतली मोठी गोष्ट होती. मुक्तीनंतर काही दशके खिडकीवर काहीच विचारत नसत. नाव, गाव, वय, केसपेपर. आता पुन्हा प्रश्न आला आहे, पण वेगळा. 2016 मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण. 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झाले. खिडकीवरचा प्रश्न आता ‘तू गोंयकार आहेस का?’ असा आहे. कारवारहून आणि सिंधुदुर्गातून येणाऱ्या बायकांची मी वर्षानुवर्षे बाळंतपणे केली, तेव्हा हा प्रश्न मला सहजासहजी गिळवत नाही. तिजोरी गोव्याच्या करदात्यांची आहे हा मुद्दाही मला कळतो. तुम्ही दोन्ही बाजू लिहा.

तिसरा प्रश्न, माहिती कुठे. पणजीला पुराभिलेख खाते आहे, त्याची सुरुवात 1595 ची, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याच्या हातची. तिथे 1837 पासूनचे सरकारी ‘बोलेती’ (राजपत्रे) आहेत. संस्थांचे नियम, देणग्यांना मंजुरी, नेमणुका असला मजकूर त्यात विखुरलेला सापडतो. पर्वरीचे झेवियर संशोधन केंद्र आणि पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय ओघाने आलेच. पण मडगावकर म्हणून तुमच्या नशिबाने एक खजिना आहे: ‘उ उल्त्रामार’ हे पत्र 1859 मध्ये मडगावातूनच निघाले, आणि ‘आ इंदिया पुर्तुगेझा’ 1861 मध्ये ओर्लीहून. म्हणजे हॉस्पिसियो उभे राहत होते तेव्हा सासष्टीत दोन पत्रे चालू होती. सावधगिरी एवढीच की ही दोन परस्परविरोधी गटांची पत्रे, त्या गटांमागे जातही होती. एकाने एखाद्या दात्याची आरती ओवाळली असेल तर दुसऱ्यात त्याच आठवड्याला काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पोर्तुगीज येत नसेल तर आठदहा शब्दांवर बरेच निभावते. ‘एन्फेर्मारिया’ म्हणजे वॉर्ड, ‘काम’ म्हणजे खाट, ‘इश्मोला’ म्हणजे भिक्षा किंवा दान, ‘लेगादु’ म्हणजे मृत्युपत्रातून ठेवलेली देणगी, ‘इंदिजेंत’ म्हणजे निराधार. रोगांत ‘बेशिगश’ म्हणजे देवी, ‘तिझिका’ म्हणजे क्षय, ‘सेझोंयश’ म्हणजे हिवताप. ‘फेब्र’ दिसला की त्यावर काहीही बांधू नका. तो नुसता ताप, आणि त्या काळी अर्धे गाव तापानेच मरायचे असे कागद सांगतात, कारण निदान करणाऱ्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. ‘काम’ किती हे मोजायला सोपे, पण तो आकडा फसवा. खाटा वीस आणि माणसे जमिनीवर चाळीस, हे मी स्वतःच्या नोकरीत ठिकठिकाणी पाहिले आहे.

आणि कागदांना हात लावण्याआधी माणसे गाठा, कारण कागद थांबतील. निवृत्त डॉक्टरांकडे शेवटी जा, आम्ही भाषण देतो. आधी आया, ड्रेसर, रुग्णवाहिकेचे जुने चालक, आणि सगळ्यांत आधी स्वयंपाकघरात काम केलेले कोणी हयात असेल तर ते. त्यांना इमारतीचा इतिहास विचारू नका. सकाळच्या पेजेला किती पायल्या तांदूळ लागायचा आणि तो कुठल्या वर्षांत कमी-जास्त झाला, हे विचारा. वॉर्ड भरलेला असताना तांदूळ कमी लागू लागला असेल, तर समजा घरून डबा येणारी माणसे खाटांवर आली होती.